सायेब, मानसं मोजा

"येतंय सायेब, मुद्द्यावं येतंय," असं म्हणून ते समोरच्या पाण्याच्या ग्लासावर तळहात ठेवायचे. ग्लास झाकला की आम्ही ओळखायचो, आज सभा काही पुढे सरकत नाही.

खाडीकाठच्या आमच्या महापालिकेत ते कोळीवाड्याचे नगरसेवक होते आणि मी डोंबिवलीहून येणारी, सभेतलं बोलणं लघुलिपीत उतरवून घेणारी बाई. तुम्ही कधी प्रेक्षक गॅलरीत बसला असाल तर ठाऊक असेल, महासभा सुरू होते ती शोकप्रस्तावाने. सगळे उभे राहतात. गेलेल्या माणसाबद्दल बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. नियमात तो कुठेच नाही. म्हणूनच की काय, तो मोडायची कुणाची छाती होत नसे.

भांडण एकाच प्रस्तावाचं होतं. कोळीवाड्याचं खाडीवरचं स्मशान हलवायचं आणि तिथून रस्ता काढायचा. मतदान झालं असतं तर चहा निवायच्या आत मंजुरी मिळाली असती, कारण विरोधात हे एकटेच. पण विषय पत्रिकेवर आला की हे शोकप्रस्तावावर बोलायला लागायचे आणि त्या स्मशानात गेलेल्या एकेकाला श्रद्धांजली वाहायचे. एक म्हातारी, जी वाट्यावर दोन बोंबील जास्त टाकायची आणि वर दोन शिव्या. एक नाखवा, ज्याची कवळी खाडीत पडली आणि जो मरेपर्यंत भरतीलाच चोर म्हणत राहिला. सुरुवातीला लोक हसायचे. मग पाय दुखायला लागायचे आणि एकेक जण चहाला सटकायचा. सभागृह पुरेसं रिकामं झालं की हे नम्रपणे म्हणायचे, "सायेब, मानसं मोजा." गणपूर्ती नाही, सभा तहकूब, विषय पुढच्या महिन्यावर.

एकदा मी विचारलं, "काका, असं किती दिवस रेटणार?"

"मना तयंच नेतील ना बाय, तवर. माझी बायको तयंच गेली. लगीन करून ठान्यावरशी होरीतून आनलेली तिला. मी दुसरीकडं कसा जाऊ?"

हसत म्हणाले ते.

पुढे पुढे मला त्या भाषणांची भीती वाटू लागली. मान खाली घालून लिहिताना सदस्य बाहेर गेल्याचं ऐकू यायचं, पण सभागृह रिकामं झाल्यासारखं वाटायचं नाही. उभ्या माणसांची चाहूल तेवढीच राहायची. एसीच्या गारव्यात ओल्या जाळ्यांचा वास यायचा. मान वर केली की नुसत्या खुर्च्या. सचिवही हल्ली माणसं दोनदा मोजायचे. का, ते आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

एका सभेत त्यांच्याकडची गेलेली माणसं संपली. ते थांबले. महापौर सुटल्यासारखे पुढचा विषय पुकारणार, तेवढ्यात त्यांनी स्वतःचं नाव घेतलं.

"चांगला मानूस व्हता," ते म्हणाले. "बोलाचा मातर जाम."

कुणी हसलं नाही. त्या दिवशी महापौरांनी माणसं न मोजताच सभा तहकूब केली.

पुढच्या सभेच्या आत ते गेले. त्यांना तिथेच नेलं, खाडीवर, बायको गेली त्याच जागी. मी गेले होते. पोटभर रडले आणि मनातून बरंही वाटलं.

पुढच्या सभेत प्रस्ताव पुन्हा पत्रिकेवर होता. आधी त्यांचाच शोकप्रस्ताव. सगळे उभे राहिले. महापौरांनी दोन वाक्यांत आटोपलं आणि सवयीने विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?"

बोलायचं असलं की सदस्य बटण दाबतो आणि त्याच्या माईकवर लाल दिवा लागतो. त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढचा दिवा लागला होता.

महापौर त्याच्याकडे बघत राहिले. 'बसा' म्हणायला त्यांचं तोंड उघडेना. आम्ही तसेच उभे. मग एक जण चहाला गेला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सचिव उठले आणि माणसं मोजू लागले. दोनदा मोजली. सभा तहकूब झाली.

दिवा तोवर तसाच होता. मीही पेन खाली ठेवलं नव्हतं. सदस्य बोलत असेपर्यंत ठेवायचं नसतं.