मावशीला लेखनिक नको होता

आमच्या घराण्यात ज्याला कॉम्प्युटर चालू करता येतो त्याला इंजिनिअर समजतात. मी छपाईच्या दुकानात औषधांची लेबलं आणि दुकानांच्या पाट्या मांडते, दिवसभर कॉम्प्युटरपुढेच असते, म्हणजे मी तर मोठीच इंजिनिअर. त्यामुळे थोरल्या मावशीने एकोणसाठाव्या वर्षी, घरबसल्या कॉम्प्युटरवरून कॉलेज करायचं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मावशीला दिसत नाही. नवव्या वर्षी तापात नजर गेली. हे मी एका दमात सांगते, कारण तीही तसंच सांगते, आणि समोरच्याने 'अरेरे' म्हटलं की विचारते, "झालं? आता कामाचं बोला." एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिने एकतीस वर्षं काढली. तीनशे नंबर तोंडपाठ. डॉक्टरच्या 'हॅलो'वरून तो जेवलाय की उपाशी आहे हे ओळखायची आणि उपाशी असेल तर फोन जरा उशिरा जोडायची. लग्न केलं नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, प्रत्येक वस्तू जागच्या जागी. कप बोटभर सरकवला तरी पाहुण्याची खरडपट्टी निघते.

कॉलेज तिने एकदा केलं होतं, एकोणिसाव्या वर्षी. तेव्हा परीक्षेला लेखनिक मिळायचा: मावशीने उत्तर सांगायचं, त्याने लिहायचं. मिळालेल्या मुलीला बस पकडायची होती. मावशीने इतिहासाचं पानभर उत्तर सांगावं आणि तिने चार ओळींत गुंडाळावं. निब किती वेळ चालतेय हे मावशीला ऐकू येत होतं; बोलायची मात्र सोय नव्हती. आवडत्याच विषयात ती नापास झाली, आणि आपल्या नावावर नेमकं काय लिहिलं गेलं हे तिला कधी कळलं नाही. त्यानंतर बोर्डाची नोकरी आली आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. आता पुन्हा इतिहासच घेतला होता, आणि तिची अट एकच होती: "माझा पेपर माझा मी लिहिणार."

पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने गेले. कॉम्प्युटर मांडला, पडद्याचा उजेड वाढवला, अक्षरं ठळक केली.

"अक्षरं चांगली मोठी केलीयेत गं," मी म्हणाले.

"किती मोठी?"

"हवी तेवढी होतात."

"मग भिंतीएवढी कर. समोरच्या बिल्डिंगीतल्यांना तरी वाचता येतील."

माझी अक्कल ही अशी. मग मी पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवला, त्यात बाईचा आवाज निवडला. बाई लगेच सुरू झाली: खिडकी उघडली, तीन सूचना आल्या आहेत, बॅटरी एकोणऐंशी टक्के. मावशीने दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"ही नणंद आहे," ती म्हणाली. "घरात कुठे काय पडलंय ते सगळं बोलून दाखवते. लग्न केलं नाही म्हणून तेवढी एक हौस राहिली होती."

तेव्हापासून त्या आवाजाचं नाव नणंदबाई. हिला एक बटण दाबून गप्प करता येतं, ही सोय मावशीला फारच पसंत पडली. मला खरोखरच्या दोन नणंदा आहेत, म्हणून मी यावर मत देत नाही. मावशीने तिचा वेगही वाढवला, इतका की मला नुसत्या पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटायचं. तिला मात्र शब्दन् शब्द कळायचा.

दुसऱ्या दिवशी मी माउसने कॉलेजचं पान उघडलं, सगळीकडे क्लिक करून पाहिलं, सगळं चाललं. "झालं तयार," मी जाहीर केलं.

"पडदा बंद कर," मावशी म्हणाली. "आता ने मला तिथे."

मी पडदा बंद केला. हात सवयीने माउसवर गेला आणि तिथेच राहिला. बाण कुठे आहे हे दिसलंच नाही तर माउसचा उपयोग पेपरवेटइतकाच. दहा मिनिटं झटापट करून मी काय उघडलं, तर कॅल्क्युलेटर. मावशीने मला बाजूला सारलं आणि कीबोर्डची एकेक कळ दाबत स्वतः पुढे गेली. नणंद सांगू लागली: बटण. बटण. चित्र. बटण. बटण कसलं, हे कॉलेजवाल्यांनी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. डोळ्यांना छान दिसतंय ना, मग झालं. मला स्वतःचीच लाज वाटली, कारण दुकानात मीही हेच करते.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघींनी मान मोडून काम केलं. चौथं बटण हजेरीचं, सातवं पुस्तकांचं, अशी यादी मी सांगितली आणि मावशीने एकदा ऐकून पाठ केली. पुस्तकाची वेगळीच तऱ्हा. कुणीतरी पानांचे फोटो काढून चढवले होते, त्यामुळे दोनशे बारा पानांचा इतिहास नणंदेने 'चित्र' या एकाच शब्दात आटोपला. इथे मात्र माझा धंदा कामाला आला. फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्राममधून मी सगळं पुस्तक काढलं आणि ओळीन् ओळ तपासली. इतका इतिहास मी शाळेतही वाचला नव्हता.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी सरावाचा पेपर होता, शुक्रवारी खरा. पेपर घरूनच द्यायचा. कॉम्प्युटरचा कॅमेरा आणि माइक पहारा करणार. सोमवारी मावशी ताठ बसली, नणंदेने पहिला प्रश्न वाचला, मावशीने टायपिंग सुरू केलं. चौथ्या मिनिटाला पेपर बंद पडला. कारण आलं: खोलीत दुसरी व्यक्ती बोलत आहे.

म्हणजे नणंद! इअरफोन लावावा, तर नियमात इअरफोनला बंदी. मी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "त्यात काय एवढं? आम्ही लेखनिक देतो ना."

मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. चाळीस वर्षांनी फिरून फिरून भोपळे चौकातच आले होते. मी त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलणार होते, पण मावशीने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"तू भांडतेस," ती म्हणाली. "भांडणाऱ्याचा फोन सगळे दुसरीकडे जोडून देतात. मीही तेच करायचे."

मग तिने आवाज बदलला. तो तिचा बोर्डावरचा आवाज, मी लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकला. विनंती नाही, तक्रार नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न: "यावर सही कुणाची लागते?" पाच जणांनी पुढे ढकललं, सहाव्याने एक नंबर दिला आणि पाऊण तासात स्वतः परीक्षा नियंत्रक फोनवर आले.

"साहेब, फक्त अर्धं मिनिट ऐका," मावशी म्हणाली आणि तिने रिसीव्हर कॉम्प्युटरच्या स्पीकरला लावला. नणंदबाई आपल्या नेहमीच्या वेगाने सुटल्या. "काही कळलं?"

"अक्षरही नाही. काय होतं हे?"

"तुमचीच नियमावली. कलम अकरा: विद्यार्थ्याने पेपर कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतः लिहावा. मी तेच करायचं म्हणतेय, तर तुमची माणसं मला मदतनीस देतायत."

मग साहेब हसले, पण लगेच काही कबूल केलं नाही. विचारून सांगतो म्हणाले. मंगळवार गेला, बुधवारही कोरडा गेला. मावशी वरवर थट्टा करत होती, पण त्या दिवशी तिने तीनदा तोच कप धुतला. गुरुवारी दुपारी पत्र आलं: एका कानात इअरफोन चालेल, कॅमेरा हातांवर ठेवावा, आणि नजर ठेवायला मशीन नव्हे, माणूस असेल.

शुक्रवारी मावशीने मला घराबाहेर काढलं. "तू शिंकलीस तरी पेपर बंद पडायचा," म्हणाली. तीन तास मी जिन्यावर बसून होते. सगळी जुळवाजुळव मी केलेली आणि ऐन वेळी मलाच दार बंद, म्हणून थोडी फुगलेही होते. एकदा न राहवून दाराला कान लावला. आत फक्त कीबोर्ड वाजत होता, न थांबता, एका लयीत. मला रडू आलं. जिन्यात कुणी नव्हतं म्हणून बरं.

दार उघडून ती म्हणाली, "भूक लागलीय."

तीन आठवड्यांनी तपासलेला पेपर आला. मी वाचून दाखवू का विचारलं. "नणंद आहे ना," मावशी म्हणाली, आणि माझ्यासाठी म्हणून तिने नणंदेचा वेग कमी केला. शंभरात चोपन्न. पास! मी टाळी वाजवली, पण तिने हात वर करून मला थांबवलं, कारण नणंद पुढे बोलत होती. तिसऱ्या उत्तराखाली प्राध्यापकांनी शेरा मारला होता: उत्तर फार लांबले आहे. निम्म्याने कमी करता आले असते. पाल्हाळ टाळावा.

"जाऊ दे गं," मी घाईने म्हणाले. "या मास्तरांना काही ना काही खोड काढायचीच असते."

मावशीने तो शेरा पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा. मग माझ्या आईला फोन लावला.

"अगं, ऐक ना," ती म्हणाली, "मी फार लांबलचक लिहिते म्हणे. मी!"

त्या 'मी'वर तिचा आवाज असा भरून आला की पलीकडून आईने घाबरून विचारलं, "अगं बाई, नापास झालीस का?"