भोंग्याचे गाल

चौतीस वर्षं एकाच खांद्यावर ट्युबा वाहून भोंग्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. ट्युबा म्हणजे बँडमधलं सगळ्यात थोरलं पितळी वाद्य. मांडीवर घेतलं की वाजवणाऱ्याचं फक्त डोकं आणि पाय दिसतात. या वाद्याच्या घुमणाऱ्या आवाजावरून त्याला भोंगा हे नाव पडलं आणि असं चिकटलं, की पंपघरात पाणी सोडायच्या नोकरीवरसुद्धा साहेब त्याला भोंगाच म्हणत.

बँड कुणाच्या पोटापाण्याचा नव्हता. एक शिंपी, एक पोस्टमन, दोघं सुतार, औषधांच्या दुकानातला एक, असे अकरा जण दर रविवारी सकाळी आगीच्या बंबाच्या जुन्या शेडमध्ये जमायचे. भोंग्याची बायको याला घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. पण शाळेच्या शर्यती असोत, नवा पूल असो की कुणाची अंत्ययात्रा, बँड वाजल्याशिवाय ती गोष्ट खरोखर घडली असं गावाला वाटतच नसे. गिरणी बंद झाली त्या दिवशी निम्म्या बँडची नोकरी गेली होती, तरी फाटकाशी उभे राहून ते शेवटपर्यंत वाजवत होते.

तीन महिन्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरने भोंग्याचे वरचे सगळे दात काढून कवळी बसवली. कवळीवर ओठ टिकेनात. फुंकलं की पंक्चर झालेल्या सायकलसारखी नुसती हवा सुटायची. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाला. दर रविवारी तो वाद्य मांडीवर घ्यायचा, बोटांनी बरोबर चाप दाबायचा, गाल टम्म फुगवायचा, फुंकायचा मात्र नाही. आणि तीन महिने कुणी चकार शब्द काढला नाही! हे त्याला दातांपेक्षा जास्त दुखलं. आपला सूर गेला तरी कुणाला पत्ता नाही, मग इतकी वर्षं वाजवलं कशाला? असल्या विचाराने माणूस जेवढा थकतो, तेवढा दोन पाळ्या करूनही थकत नाही.

त्या रविवारी त्याने ट्युबा लख्ख पुसला.

"आज परत देऊन टाकतो," तो म्हणाला.

"द्या बाई एकदाचा," बायको म्हणाली. "तुमचा खांदा बघवत नाही."

शेडमध्ये मास्तर एकटेच खुर्च्या मांडत होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पण हातात छडी घेऊन बँडपुढे उभे राहिले की अजून सगळ्यांना धाक. भोंग्याच्या गालांवर त्यांचा जुना राग. गाल फुगवणं ही वादकाची खोट. "वादक आहेस की बेडूक?" असं ते वर्षानुवर्षं ओरडत आले होते. हल्ली ओरडणं थांबलं होतं. वय झालं, दुसरं काय.

"मास्तर, मला बँड सोडायचाय," भोंगा त्यांच्या पाठीमागून म्हणाला. मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. तो आणखी मोठ्याने म्हणाला. मास्तर खुर्च्या सरकवतच राहिले. ऐकायचंच नाही म्हणजे, असं म्हणून तो चिडून जागेवर बसला. तेवढ्यात बाकीचे आले आणि बोलणं राहूनच गेलं.

त्या दिवशी अंत्ययात्रेची संथ धून होती. संपल्यावर मास्तरांनी छडी खाली ठेवली. त्यांचे डोळे पाणावले होते.

"भोंग्या, आज तुझा सूर काय लागला रे! पाया असावा तर असा!"

दहाही जणांनी माना खाली घातल्या.

बाहेर आल्यावर शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या शिंप्याने त्याला बाजूला घेतलं.

"वर्ष झालं. मास्तरांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात."

"मग छडी ठेक्यात कशी पडते?"

"तुझ्या गालांवर. एवढे मोठे गाल, लांबून दिसतात. ते फुगतात तशी छडी पडते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आम्ही कुणी बोललो नाही."

भोंगा भिंतीला टेकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आणि माझा सूर? तो गेलेला कुणाला कळला?"

"पहिल्याच रविवारी," शिंपी म्हणाला. "जिना उतरताना शेवटची पायरीच नसावी ना, तसं झालं. पण तू गाल फुगवत होतास. म्हटलं, तुझं तू सांगशील."

भोंग्याला एकदम भरून आलं. त्याने नाक पुसलं आणि ट्युबा उचलला.

बायकोने दार उघडलं आणि खांद्याकडे बघून कपाळावर हात मारला. "दिला नाहीत ना? अहो, थकलात तुम्ही."

"थकलोय गं. फार थकलोय." त्याने वाद्य नेहमीच्या कोपऱ्यात ठेवलं, कवळी काढून पाण्याच्या वाटीत टाकली आणि बोळक्या तोंडाने म्हणाला, "पण गाल फुगवायला कुठे दात लागतात?"