पीळकाकांनी आवळलेला नळ

पीळकाका हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, ते गिऱ्हाइकांनी ठेवलं. नळ बसवताना सगळे प्लंबर नट घट्ट होईपर्यंत आवळतात. काका त्यावर आणखी एक पीळ देत आणि म्हणत, "आता हा कुणाच्या बापाला निघणार नाही." निघतही नसत. पुढे ते नळ बदलायला आलेल्या प्लंबरांनी काकांच्या नावाने भरपूर बोटं मोडली.

पण गेल्या हिवाळ्यापासून काकांच्याच बोटांनी दगा दिला. पकड बसेना. एका घरी त्यांनी बसवलेला नळ ढिला राहिला आणि घरमालकाच्या चपला न्हाणीघरापासून दिवाणखान्यापर्यंत पोहत गेल्या. त्या दिवसापासून, काकांच्याच हाताखाली धंदा शिकलेल्या लेकीने बापाला घरी बसवलं. घरी बसलेला प्लंबर म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. भांडी कशी घासावीत यावर काका दिवसभर मार्गदर्शन करू लागले. शेवटी ती लेकीला म्हणाली, "एक तर यांना कामावर ने, नाहीतर मला ने."

लेकीने अट घातली. घरच्या सिंकचा जुना नळ कितीतरी महिने ठिबकत होता, कारण प्लंबरला स्वतःच्या घरचा नळ कधी दिसत नाही. "तो काढा, नवा बसवा. एकट्याने. जमलं तर उद्यापासून चला माझ्याबरोबर. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"हात्तिच्या," काका म्हणाले. "चहा होईपर्यंत काढतो."

चहा झाला, पिऊन झाला. कप विसळता आले नाहीत, कारण पाण्याचा कॉक काकांनीच बंद केला होता. काका सिंकखालच्या कपाटात उताणे शिरले होते, बाहेर फक्त पोट आणि पाय. बायको वाकून टॉर्च धरून उभी. नट गंजून असा बसला होता की हलायचं नाव नाही. गंज सोडवायचा फवारा मारून झाला, कढत पाणी ओतून झालं, त्यातलं निम्मं काकांच्या कानात गेलं. पान्याला पाइपचा तुकडा लावून जोर केला, तर पानाच घसरून कपाळावर बसला. काकांनी नळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"कुठल्या गाढवाने आवळलाय हा?"

"आपण या घरात आलो तेव्हाच आवळलाय," बायको म्हणाली. "गाढव अजून इथेच राहतं."

आतली खटपट थांबली, तेव्हा तिला काळजी वाटली. टॉर्च आत फिरवून पाहिलं तर काका स्वतःच्या हाताकडे बघत पडले होते. अंगठा वळत नव्हता. त्यांना भीती वाटत होती, आणि ती नळाची नव्हती. हा निघाला नाही तर आता कायमचंच घरी.

"अगं," काका हळूच म्हणाले, "करवत दे."

नट कापणं काकांच्या लेखी पाप. सोडवतो तो प्लंबर, कापतो तो कसाई, हे त्यांनी लेकीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बायकोने मुकाट्याने करवत दिली. करवतीला बोटांची पकड फारशी लागत नाही, दंडाची ताकद आणि चिकाटी लागते. ती काकांकडे वाट्टेल तेवढी होती. नट कापला गेला, नळ निघाला, नवा बसला. पाणी सोडलं, थेंबही गळला नाही. मग दोघांनी मिळून फरशीवरचा लोखंडाचा कीस ओल्या फडक्याने टिपला, चोरी लपवावी तसा.

लेक आली ती थेट कपाटाशी बसली. आत हात घातला. तिच्या दोन बोटांत नवा नट सहज अर्धा आटा फिरला. तो आवाज काकांनी ओळखला. त्यांनी मान खाली घातली.

"गळत नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता. पण महिन्याभरात गळला असता." तिने पाना घेऊन नट आवळला आणि बोटाला लागलेला लोखंडाचा कीस फुंकला. "आणि जुना कापलात."

"कापला."

"मी पहिल्या वर्षापासून कापतेय, बाबा. तुमचे नळ एरवी निघणार कसे?"

काकांना राग यायला हवा होता. आला नाही. रडू मात्र आलं, आणि ते त्यांनी नाक शिंकरण्यात खपवलं.

"उद्या चला," लेक म्हणाली. "जुनं तुम्ही काढायचं, नवं मी बसवायचं. आवळायला हात लावायचा नाही."

"म्हणजे तुझा हेल्पर?"

"जा हो," बायको म्हणाली. "हेल्पर म्हणून जा, शिडी म्हणून जा, पण जा."

काकांनी करवत पुसून हत्यारांच्या पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाने विचारलं, आवळलं कुणी, तर?"

"तुम्हीच सांगा, काय सांगू?"

"सांग, 'आवळलं मी, तपासलं बाबांनी.'"

"मग तपासावं लागेल."

"तपासणार ना," काका म्हणाले. "प्रत्येक नट."