बर्फाशिवायच्या उड्या आणि माझी नडगी

"स्ट्रेस फ्रॅक्चर आहे," नगरचे हाडांचे डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडाला धरून म्हणाले.

मी म्हटलं, "पण डॉक्टर, मला तसं काही टेन्शन नाही."

ते हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. हाडावर पुन्हा पुन्हा तोच मार बसला की त्याला केसासारखी बारीक चीर जाते, ते स्ट्रेस फ्रॅक्चर. "पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं येतात असं पाय घेऊन. तुम्ही काय करता?"

हेच सांगणं अवघड होतं. मी चाळिशीतली बाई, सुप्याच्या एमआयडीसीत पार्ट तपासायला आठ तास उभी असते. आणि रविवारी पुण्याला जाऊन बर्फावर स्केटिंग शिकते.

भाचीच्या वाढदिवसाला पुण्यातल्या एका मॉलमध्ये गेलो होतो, तिथं बर्फाचं रिंक होतं. कठडा धरून उतरले, मग कठडा सोडला आणि चार हात घसरत गेले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी एकटीच गेले.

शिकवणारी मुलगी म्हणाली, "ताई, उडी आधी जमिनीवर पक्की करायची, मग बर्फावर." डाव्या पायावरून उडायचं, हवेत अर्धं वळायचं आणि पाठमोरं उजव्या पायावर उतरायचं. आठवड्यातून एकदाच बर्फ मिळणार, म्हणून मी ड्यूटीवरून आले की गच्चीवर उड्या मारायचे. सिमेंटच्या स्लॅबवर, अनवाणी.

उजवी नडगी आधी उतरताना दुखायची. मग चालताना. मग नुसतं उभं राहिलं तरी.

सुप्यातल्या डॉक्टरांना मी उड्यांचं सांगितलं. त्यांना वाटलं झुंबा. "स्नायू आखडलाय, झुंबा कमी करा," म्हणाले. एक्स-रेमध्ये काही नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी कमरेची नस दबल्याचं सांगितलं. मी महिनाभर कमरेचे व्यायाम केले आणि उड्याही चालू ठेवल्या, कारण कमरेचा आणि उड्यांचा संबंध मला लागेना. पाय सुजला तेव्हा पुन्हा एक्स-रे काढला. या वेळी नडगीवर जाडसर डाग दिसला.

"गाठबीठ नाही ना, तेवढं बघून घेऊ," ते दुसरे डॉक्टर म्हणाले आणि मला नगरला पाठवलं.

एमआरआयची तारीख मिळेपर्यंत मी आणि माझा नवरा महेंद्र, दोघांनीही तो शब्द उच्चारला नाही. तो भाजी चिरायचा, मी बसून बघायचे. मध्येच म्हणायचा, "उड्यांनीच झालं असणार." इतके दिवस मीच उड्यांना दोष देत नव्हते, आणि आता मनातून म्हणत होते, उड्यांनीच होऊ दे. नसतील उड्या तर मग काय? डोक्यात काही सरळ बसत नव्हतं. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "पडल्या का?" मी एकदा हो म्हटलं, लगेच नाही म्हटलं.

म्हणून चिरेचं नाव ऐकल्यावर मला रडू आलं ते आनंदाचं होतं. डॉक्टरांना ते कळलं नसावं, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

पुढे कुबड्या, मग वॉकिंग बूट, म्हणजे पट्ट्यांनी आवळायचा गुडघ्याखालपर्यंतचा ताठ बूट. रक्तात व्हिटॅमिन डी कमी निघालं, त्याच्या गोळ्या. कंपनीत बसून करायचं काम मिळालं. तिसगावहून आई आली. तिला सगळं सांगितल्यावर म्हणाली, "बरफावर पडून मोडलं आसतं तर समजलं आसतं. बरफ न्हाई, पडली न्हाई, आन् हाड चिरलं. ह्ये कसलं गं?"

उशिरा उड्या शिकायला निघालेल्यांना एवढंच सांगते. कडक स्लॅबवर अनवाणी उड्या मारू नका, बूट घाला, खाली मॅट घ्या, मध्ये दिवस सोडा. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं हाड दुखायला लागलं तर थांबा. आणि डॉक्टरांना सांगून कळत नसेल तर तशी उडी मारणाऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ दाखवा. मला ते फार उशिरा सुचलं.

नगरच्या डॉक्टरांनी उड्यांची परवानगी दिली तेव्हा त्यांना विचारलं, "पुन्हा करावं का?" म्हणाले, "हाड तयार आहे. बाकी तुम्ही ठरवा." मला ठरवता येईना. हवंही होतं, भीतीही होती.

एका संध्याकाळी महेंद्रनं गच्चीवर जाड मॅट अंथरली आणि बाजूला उभा राहिला. आई पायरीवर बसली होती. मी बूट घट्ट बांधले आणि वीतभर उडाले. अर्धी वळले. उजव्या पायावर उतरले. दुखलं नाही.

"येवढीच व्हय?" आई म्हणाली.

"एवढीच."

तिनं चष्मा पदराला पुसला. "मार बरं आनखी येकदा. मला नीट दिसली न्हाई."