आंधळ्या सुलतानाची तलवार

मी तीनच वर्षं शाळेत गेलो. निजामाचं राज्य होतं, कळमनुरीची शाळा उर्दूतली. हिशेब मला कधी जमला न्हाई. पण मौलवीसाहेब बहामनी सुलतानांच्या गोष्टी सांगायचे, त्या अजून ध्यानात आहेत. चुलत्यानं पुतण्याला मारलं, भाऊ भावावर उठला, सारं एका गादीपायी.

घरी येऊन आमी तेच अंगणात खेळायचो. बैलगाडीचं जू म्हणजे तख्त. मौलवीसाहेबांच्या गोष्टींतला एक सुलतान पोरगेलाच होता. त्याच्या गुलामाला मोठा हुद्दा पाहिजे होता, मिळाला न्हाई. गुलामानं त्याला जेवायला बोलावलं अन् डोळेच काढले. आंधळा गादीला चालत न्हाई, म्हणून दुसऱ्या पोराला बसवून कारभार आपल्या हातात घेतला.

गुलाम व्हायला माझा थोरला भाऊ कायम तयार. आंधळा व्हायला कुणीच न्हाई. माझं लग्न झालेलं होतं, तेव्हा लहानपणीच करायचे. बायको सणाला आमच्याकडं आली होती, नऊ-दहा वर्षांची असंल. भावानं तिलाच जुवावर बसवलं, डोळ्यांवर फडकं बांधलं अन् म्हणाला, खेळ संपला.

"संपला काहून? आंधळ्याचं पुढं काय झालं?" तिनं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मौलवीसाहेबांना विचारलं. ते खुश झाले. "बेटा, त्याच्या चुलतभावांनी गुलामाला पकडून आंधळ्यापुढं उभं केलं, हातात तलवार दिली. एका वारात गुलाम खलास!"

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं. तिनं स्वतःच फडकं बांधलं अन् तुरीची वाळकी काडी मागितली. भाऊ हसत पुढ्यात उभा राहिला. "मार की, आंधळे!"

सटकन कानशिलावर बसली. भाऊ बोंबलत आत पळाला.

आई बाहेर आली ती पेटूनच. सुनेनं थोरल्या दिराला मारलं! "पाय धर त्याचे. न्हाई तर उद्याच माहेरी धाडते, परत आणणार न्हाई."

"भावजींना न्हाई मारलं, गुलामाला मारलं," ती म्हणाली. "डोळे त्यानं काढले अन् पाय मी धरू?"

दिवेलागणीला बाप शेतातून आला. त्याच्यापुढं घरात कुणी तोंड उघडत नव्हतं. मी उघडलं. "बा, गोष्टच तशी हाय. तिला धाडायचं तर मलाबी धाडा."

बापानं भावाकडं बघितलं. "डोळे बांधलेल्या पोरीचा फटका तुला चुकवता आला न्हाई व्हय?"

भाऊ कानशील चोळत पाटावर बसला.

"वाढा आता. पोरीलाबी वाढा."

आईनं ताट आपटून वाढलं. बायको पोटभर जेवली.

पुढं अठ्ठेचाळीसात निजामाचं राज्य गेलं. गावभर एकच बोलणं, आता गादीवर कोण? ती चूल फुंकत म्हणाली, "कुणीबी बसंना. माझ्या डोळ्यांवर फडकं बांधू देणार न्हाई."

म्हातारपणी तिला खरंच दिसत नव्हतं. कुणी हाताला धरायला आलं की काठी आपटायची. "सरका, कानशिलात बसंल!"

ह्या पावसाळ्यात गेली. लेकं म्हणतात, मेल्या माणसाची काठी घरात ठेवू नये, नदीत सोडू. मी दिली न्हाई. माझ्या खाटेला टेकवून ठेवली आहे. तिच्याकडं बघून रडतो, त्याची लाज न्हाई. पण काठीला कुणी हात लावून बघावंच. म्हातारीला दिसत नव्हतं तरी तिचा वार चुकला न्हाई. मला तर अजून दिसतं.