पंच्याहत्तर वर्षांच्या बाळाचं नाव

"माणूस बसेल एवढा पाळणा करून द्याल का?"

धुळ्यातल्या माझ्या डेकोरेशनच्या दुकानात येऊन एक बाई हे विचारत होत्या. मला वाटलं, नाटकासाठी असेल.

"किती वजनाचा माणूस?"

"पंचावन्न किलो. माझी आई आहे."

बाईंचं नाव सुनंदाताई. जळगावला शाळेत शिकवायच्या. आई साक्रीला राहायची, दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. उभं आयुष्य तालुक्यातली बाळंतपणं करण्यात गेलेलं. गावात तिला नावानं कोणी ओळखत नव्हतं. सगळ्यांची ती 'सिस्टर'. तिला पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. जिनं एवढी पोरं जगात आणली, तिचंच बारसं करायचं असं सुनंदाताईंनी ठरवलं होतं. पाळणा, घुगऱ्या, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर टोपडं.

"प्रत्येकाच्या?"

"सरपंचांच्यासुद्धा."

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. 'थीम' हा शब्द तेव्हा आमच्या धंद्यात आला नव्हता. पंच्याहत्तरी म्हणजे स्टेज, हार, शाल-नारळ आणि लांबलचक भाषणं. मला ही ऑर्डर आवडली.

कामाला लागलो. झोपाळ्याची लोखंडी फ्रेम घेतली, तिला पाळण्यासारखे कठडे लावले. दोन माणसं एकदम बसवून हलवून बघितलं. टेलरनं शिवलेलं पहिलं टोपडं माझ्या डोक्यात जाईना. "एवढ्या मोठ्या बाळाचं आजवर शिवलं नाही, शेठ," तो म्हणाला.

मग बॅकड्रॉप. म्हणजे स्टेजमागचा सजवलेला पडदा. त्यावर थर्माकोलची अक्षरं लागतात. तेव्हा ती आम्ही तापलेल्या तारेनं हातानं कापायचो. सुनंदाताईंनी नाव लिहून दिलं होतं, 'गोदावरी'. ते मी कापून ठेवलं.

एकच गोष्ट मला पटत नव्हती. हे सगळं आईला न सांगता चाललं होतं. म्हाताऱ्या माणसाला सरप्राइज देऊ नये, असं माझं मत. मी तसं सुनंदाताईंना सांगितलं.

"आईला गंमत आवडते हो."

"आवडत असेल. पण आधी सांगू या."

कार्यक्रमाला आठ दिवस होते. आम्ही दोघं साक्रीला गेलो. सिस्टर ओट्यावर शेंगा सोलत होत्या. बारीक बांधा, ताठ कणा. मी पिशवीतून टोपडं काढून दाखवलं. त्या मनापासून हसल्या. "सरपंच हे घालणार? मग मी येतेच बघायला."

"आई, बारसं तुझंच आहे," सुनंदाताई म्हणाल्या.

सिस्टरांचा हात थांबला. हातातली शेंग त्यांनी सुपात टाकली. मग म्हणाल्या, "मनं बारसं व्हयनंच नही."

बोलणं एकदम घरच्या अहिराणीवर गेलं होतं. आईचं बारसं झालंच नाही, हे सुनंदाताईंनाही नवीन होतं.

"माझ्या आधीची तीन भावंडं गेली," सिस्टर सांगू लागल्या. "मी झाले तेव्हा आईनं मला उकिरड्यावर ठेवलं आणि उचलून घेतलं. नाव ठेवलं उखर्डी. पाळणा नाही, घुगऱ्या नाही, काही नाही. गोदावरी हे सासूनं लग्नात ठेवलेलं नाव. पहिलं नाव मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या बापालाही नाही."

खान्देशात ही जुनी रीत. मुलं जगत नसली की पुढच्या बाळाचं वाईटसाईट नाव ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. मला ते माहीत होतं. पण ज्याला ते नाव घेऊन शाळेत जावं लागतं त्याचं काय होतं, याचा विचार मी केला नव्हता.

"पोरं मला 'उकिरडा, उकिरडा' म्हणत मागे पळायची," त्या म्हणाल्या. "भाऊ, पाळणा नका आणू."

परतीच्या एसटीत सुनंदाताई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. मी म्हटलं, "साधा सत्कार करू. पाळण्याचं माझ्यावर सोडा." त्यांनी नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्या दुकानात. एकट्या. साक्रीहून पहिल्या गाडीनं आलेल्या. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. भिंतीला टेकवलेल्या अक्षरांकडे गेल्या.

"हे माझं?"

"हो."

"सुबक कापलं आहे. पण मला दुसरं पाहिजे. उखर्डी लिहा."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"भाऊ, पहिली दोन मुलं गेलेल्या बाया माझ्याकडे यायच्या. तिसऱ्याच्या वेळी त्या अंगडंसुद्धा शिवून ठेवायच्या नाहीत. बाळ हातात दिलं तरी नाव घ्यायच्या नाहीत. मी त्यांना समजवायची, मायेनं पाठीवरून हात फिरवायची. पण माझी आई त्यांतलीच एक होती, हे कधी मनात आलं नाही. तिच्यावर मी आयुष्यभर रागावले. एवढी नाव ठेवायला घाबरली, म्हणजे मी किती हवी होते तिला!"

मग पदर सावरून म्हणाल्या, "पाळणाही आणा. आणि घुगऱ्या बठ्ठास्ले, सगळ्या गावाला पुरायला पाहिजेत."

नवीन अक्षरं मी स्वतः कापली. सुनंदाताईंना फोन केला. त्या घाबरल्या, "लोक हसले तर?" तशी भीती मलाही होती. पण आता ज्यांचं बारसं होतं, त्यांनीच ऑर्डर दिली होती.

समाजमंदिराचा हॉल भरला. सरपंच टोपडं घालून पहिल्या रांगेत. सिस्टर पाळण्यात बसल्या, पाय खाली सोडून. आत्या कुठून आणणार? म्हणून त्यांच्याहून वयानं मोठ्या असलेल्या धनाअक्का पुढे आल्या. अक्कांची चारही बाळंतपणं सिस्टरांनीच केलेली. त्यांनी सिस्टरांच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" केलं. बायकांनी रीतीप्रमाणे अक्कांच्या पाठीत हलके धपाटे घातले. हॉल हसत होता.

मग मी पडदा ओढला. 'उखर्डी'.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. सिस्टर कठड्याला धरून सरळ बसल्या होत्या. सुनंदाताईंनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून यू. टी. गुरुजी उठले. रिटायर्ड हेडमास्तर. निम्म्या तालुक्याला त्यांनी शिकवलेलं. त्यांच्या नावातल्या 'यू'चा अर्थ कोणी विचारायची हिंमत केली नव्हती. त्यांनी डोक्यावरचं टोपडं सारखं केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"सिस्टर, मनं नाव बी उखर्डूच शे."

हॉलमधल्या सगळ्या माना गुरुजींकडे वळल्या. मग सिस्टर हसायला लागल्या. एवढ्या हसल्या की पाळणा हलायला लागला. मागून अजून एक आजोबा हात वर करून उभे राहिले, मग एक म्हातारी. "या, या, इकडे या," सिस्टर म्हणाल्या. सिस्टर धरून चौघांना एका ओळीत उभं करून बायकांनी पाळणा म्हटला. म्हातारी रडत होती आणि घुगऱ्याही खात होती.

त्यानंतर मी कितीतरी वाढदिवस केले. नंतर तर लोक थीमची पुस्तकंच घेऊन यायला लागले. माझा एक नियम मात्र तेव्हापासून आहे. कार्यक्रम ज्याचा असतो, तो ऑर्डर द्यायला सहसा येत नाही. म्हणून सामान काढायच्या आधी त्याच्या घरी आपणच जाऊन यायचं.