रुमालाखालचा आकडा

माझ्या मेव्हण्याने आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला सरळ 'हो' म्हटलेले नाही. स्वतःच्या लग्नातही म्हटले नसावे. लातूरला राहतो. रक्ताचे डाग कोणाचे, हे प्रयोगशाळेत ठरवण्यात त्याची उभी हयात गेली. ठेचा तिखट झालाय का विचारा, म्हणेल, "कोणाच्या मानानं?" माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला नेला. पोरगा उंच आहे ना, म्हटले, तर पाहुण्यांदेखत विचारतो, "ह्यांच्या घरच्या मानानं, का जिल्ह्याच्या?" स्थळ तिथेच मोडले.

मी लोह्याच्या बाजारात बैलांची दलाली करत वर आलेला माणूस. असल्याला दारात उभा केला नसता. पण माझा भाचा खुनाच्या आरोपाखाली नांदेडच्या तुरुंगात गेला. मेलेल्याच्या सदऱ्यावर दुसऱ्या कुणाच्या रक्ताचा अर्धवट डाग होता, तो भाच्याशी जुळला. असा जुळणारा माणूस कोटीत एखादाच, असे सरकारी अहवाल म्हणत होता. कोणत्या लोकांच्या रक्तात कोणती खूण किती आढळते, त्याच्या ज्या इंटरनेटवरच्या तक्त्यावरून हा आकडा काढला होता, तो मेव्हण्याने उघडला.

"दाजी, ह्यात समदी शहरातली माणसं हायेत. तुमच्या गावात पिढ्यान्पिढ्या मामाची पोरगी करून राहिले. एकाच्या खुणा दुसऱ्यात सापडायच्याच. आकडा खाली येतो."

"किती?"

"हजारात एखादा."

मी सवयीने त्याचा हात रुमालाखाली घेतला, बैलाच्या सौद्यात बोटांनी भाव ठरवताना घेतात तसा, आणि बोट दाबले. "शंभरात म्हण."

"दाजी, बोट सोडा. आकडा म्हंजी बैल न्हाई."

"अरे, लेकराचा जीव हाय!"

"म्हणूनच."

साक्षीतही तेवढेच बोलला. सरकारी वकिलाने विचारले, "म्हणजे रक्त आरोपीचं नाही?"

"तसं मी म्हणलो न्हाई," शहाणा उत्तरला. कोर्टाच्या आवारात मी त्याची गचांडी धरली. त्याचे नाव घरात काढायचे नाही, असे बायकोला बजावले.

निकाल अजून लागायचाय. परवा बहिणीला भेटीसाठी तुरुंगावर नेले, तर फाटकाबाहेर हा बसलेला. दर भेटीला लातूरहून एसटीने येतो म्हणे. मला कुणी सांगितले नव्हते.

बहिणीने त्याला विचारले, "सुटंल का रं माझं लेकरू?"

आता म्हणेल, कोणाच्या मानानं. मी मुठी आवळल्या. त्याने चष्मा काढून पुसला.

"हाव, आक्का. सुटंल."

मला एक बोट सोडले नाही, आणि तिला मागितल्याबरोबर सगळे देऊन टाकले! परतताना त्याला बसस्टँडपर्यंत गाडीत घेतले. बोललो मात्र नाही. अजून बोलत नाही.